अंगणातला भूगोल
(विद्यार्थी-गुणगौरव समारंभातील भाषण)



आम्ही ३० वर्षे शाळेत भूगोल शिकविला. 'पुराचा गाळ साचून झालेल्या सखल, सपाट भूमीस पूरमैदान म्हणतात,' ही व्याख्या मुलांकडून घोकून घेतली. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेस महापूर आला. नदीकाठच्या वसाहतीत घर बांधलेला आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. म्हणाला, "गुरुजी, व्याख्या अजून पाठ आहे, पण ते मैदान म्हणजे आमचेच अंगण, हे आपण कधी दाखविलेच नाही." आम्ही निरुत्तर झालो.

तो धडा आज देतो. सह्याद्रीचा काळा पाषाण हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हारस. पावसाने तो झिजतो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती त्याचा गाळ वाहून आणतात. पाचवी सरस्वती गुप्त मानतात. प्रयाग चिखलीपासून पुढे ती पंचगंगा. तेथून उतार मंद, वाट नागमोडी; आणि नृसिंहवाडीस कृष्णा तुडुंब असली, की पंचगंगेचे पाणी तुंबून मागे पसरते. आपला ऊस ज्या काळ्या मळीत डोलतो, ती अशाच पुरांची देणगी होय.

बाळांनो, व्याख्या अवश्य पाठ करा. परंतु एकदा नदीकाठी जाऊन पुराच्या खुणा पाहा, आणि घरात जागा घेण्याची गोष्ट निघाली, तर वडिलांना विचारा, "येथे पाणी कुठवर आले होते?"