चित्राचे पदर आपल्या हाती

(कार्यकर्त्यांच्या संगणक प्रशिक्षणात दुसऱ्या दिवशी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



काल तुम्ही फोटो उघडायला, लहानमोठा करायला आणि कापायला शिकलात. आज ‘लेअर’ शिकायचे आहेत. शब्द परका वाटला तरी घाबरू नका. लेअर म्हणजे थर, पदर. काचेचे चार तुकडे एकावर एक ठेवले आहेत असे समजा. एकावर रंग, दुसऱ्यावर फोटो, तिसऱ्यावर अक्षरे. वरून पाहणाऱ्याला एकच चित्र दिसते, पण कोणतीही काच आपण बाजूला काढू शकतो, सरकवू शकतो, खालीवर करू शकतो. स्क्रीन प्रिंटिंगने ज्यांनी पोस्टर छापली आहेत त्यांना हे लगेच कळेल. तिथे प्रत्येक रंगाची फ्रेम वेगळी असते. लाल रंगात चूक झाली तर लाल फ्रेमच पुन्हा करायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

फोटोशॉप १९९० साली बाजारात आले तेव्हा त्यात ही सोय नव्हती. एक तुकडा दुसऱ्यावर चिकटवून सोडला की खालचे चित्र गेलेच. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेअर आले आणि काम करण्याची रीतच बदलली. फोटोशॉपला पैसे पडतात. गिम्प हे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यातही लेअर आहेत, आणि आपल्या कामाला ते पुरते.

आज आपण ३ जानेवारीचे, सावित्रीबाईंच्या जयंतीचे पोस्टर करू. सर्वांत खाली रंगाचा लेअर. त्यावर आपल्या मोर्च्याचा फोटो. त्यावर घोषणेचा लेअर आणि सर्वांत वर तारीख, वेळ, ठिकाण. बाजूच्या चौकटीत ही यादी दिसेल. यादीत जो वर, तो चित्रातही वर. प्रत्येकासमोर डोळ्याचे चिन्ह आहे. ते दाबले की तो लेअर दिसेनासा होतो, पुन्हा दाबले की परत येतो. ‘ओपॅसिटी’ कमी केली की लेअर विरळ होतो आणि खालचे दिसू लागते. काम करण्याआधी आपण कोणत्या लेअरवर उभ्या आहोत ते नेहमी बघा. ‘काहीच होत नाही’ अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा भलताच लेअर निवडलेला असतो.

मोर्च्याच्या फोटोत मागे विजेचा खांब आला आहे. तो खोडरबराने पुसलात तर त्या लेअरवरून तो गेला. त्याऐवजी ‘मास्क’ वापरा. मास्कवर काळा रंग फिरवला की तो भाग झाकला जातो आणि पांढरा फिरवला की परत दिसतो. मूळ फोटोला धक्का लागत नाही. मराठी अक्षरांची काळजी वेगळी. फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांची सोय सेटिंगमधून सुरू केलेली नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते आणि जोडाक्षरे सुटतात. अशा अक्षरांत छापलेले पोस्टर भिंतीवर गेल्यावर हसू आपलेच होते, म्हणून छापायच्या आधी दोघींनी मोठ्याने वाचायचे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. फाइल साठवायच्या दोन रीती आहेत. फोटोशॉपची पीएसडी किंवा गिम्पची एक्ससीएफ फाइल सगळे लेअर सुटे ठेवते. जेपीजी फाइल सगळे लेअर दाबून एक करते. मग त्यातली तारीख बदलता येत नाही आणि कोणता तुकडा कुठून आणला तेही दिसत नाही. म्हणजे ज्याच्याकडे लेअरची फाइल, चित्र त्याच्या ताब्यात. संस्थांमध्ये काय होते? मजकूर आपण लिहितो, फोटो आपण काढतो, आणि काम डीटीपीवाल्याकडे देतो. तो जेपीजी पाठवतो. पुढच्या वर्षी एक तारीख बदलायची तरी पुन्हा त्याच्या दारात. तेव्हा काम बाहेर दिले तरी लेअरची फाइल मागून घ्या, ती संस्थेच्या संगणकावर ठेवा, आणि ती उघडता येणाऱ्या निदान तिघीजणी असू द्या.

पण सुटे लेअर कधी ठेवायचे नाहीत हेही समजून घ्या. अत्याचाराला तोंड दिलेल्या बाईचा चेहरा आपण झाकतो. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम ७२ आहे. समजा, तुम्ही चेहऱ्यावर काळा चौकोन ठेवला आणि पीएसडी फाइलच वर्तमानपत्राला पाठवली. तिथे कोणीही डोळ्याचे चिन्ह दाबील आणि चेहरा समोर येईल. चौकोन थोडा जरी विरळ असला तरी फोटो उजळ करून खालचे दिसू शकते. म्हणून चौकोन पूर्ण गडद हवा, सर्व लेअर एक करायचे आणि फक्त जेपीजी बाहेर जाऊ द्यायची. मोबाइलच्या फोटोत तो कुठे काढला याची नोंदही दडलेली असू शकते, तीही काढून टाका. आणि चेहरा झाकून भागत नाही. साडी, दार, मागची पाटी यांवरून गावाला माणूस कळतो. खरे तर अशा वेळी तिचा फोटोच नको, रेखाचित्र वापरा.

आता ज्या प्रश्नासाठी तुमच्यापैकी कित्येकजणी इथे आल्या आहेत तो घेऊ. मुलीचा चेहरा दुसऱ्याच शरीरावर लावून धमकावतात, त्याचे काय?

एकीचे डोके दुसरीच्या धडावर लावायला संगणकच लागतो असे नाही. १९८९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ‘टीव्ही गाइड’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर ऑप्रा विन्फ्रीचा चेहरा नटी ॲन-मार्ग्रेटच्या शरीरावर बसवलेले चित्र छापले. दोघींपैकी कोणालाही विचारले नव्हते. पोशाख तयार करणाऱ्याने आपला पोशाख ओळखला, म्हणून ते उघडकीला आले. एका बाईचे शरीर काढून दुसरे लावले तरी चालते, ही समजूत त्यामागे होती. आपल्याकडे २८ मे २०२३ रोजी दिल्लीत महिला कुस्तीगिरांना पोलिसांनी ताब्यात घेतले. गाडीतल्या फोटोत विनेश आणि संगीता फोगाट यांचे चेहरे गंभीर होते. लगोलग त्यांना हसवलेली प्रत पसरली, आणि यांना आंदोलनाचे काहीच नाही असा प्रचार झाला. मूळ फोटो उपलब्ध होता, म्हणून खोटेपणा दाखवता आला.

लेअर शिकलेली बाई अशा चित्राकडे वेगळ्या नजरेने पाहते. चेहऱ्यावर उजेड डावीकडून आणि अंगावर उजवीकडून का? मानेपाशी त्वचेचा रंग का बदलला? केसांची कड कापल्यासारखी का? मात्र आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हे काम क्षणात आणि सफाईने करतात. डोळ्यांना सगळे सापडेल या भरवशावर राहू नका. आपला मूळ फोटो, त्याची तारीख आणि तो कुठे टाकला होता, हे जपून ठेवणे जास्त उपयोगी पडते.

धमकी आली तर संदेश पुसू नका. पाठवणाऱ्याचा क्रमांक, दुवा, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. अश्लील मजकूर प्रसारित करण्याविरुद्ध माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६७ आणि ६७अ आहेत. २०२१ च्या नियमांनुसार फेरफार केलेली अशी चित्रे तक्रारीनंतर काढून टाकणे समाजमाध्यमांवर बंधनकारक आहे. ‘बघा काय केलंय’ म्हणून ते चित्र आपल्या गटांत फिरवू नका. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर त्याची प्रत काढू नका, साठवू नका, सरळ पोलिसांकडे जा.

शेवटी एक गोष्ट सांगते, आणि तिच्यावर आपण चर्चा करू. अशा वेळी घरचे म्हणतात, “फोटो खोटा आहे, आमची मुलगी तशी नाही.” आपणही तेच म्हणून गप्प बसलो, तर फोटो खरा असलेल्या मुलीला आपण वाऱ्यावर सोडले असा त्याचा अर्थ होतो. तिने विश्वासाने कोणाला फोटो दिला असेल, तर तो पसरवणारा तितकाच गुन्हेगार आहे. चित्र जोडलेले आहे की नाही हे तपासायला आपण जरूर शिकू, कारण पोलिसांसमोर, कोर्टासमोर ते उपयोगी पडेल. पण मुलगी आपल्या दारात आली की पहिला प्रश्न ‘हे खरं आहे का?’ हा विचारायचा नाही. ‘हे कोणी पाठवलं?’ हा विचारायचा.

चला, आता गिम्प उघडा आणि नवा लेअर घ्या. प्रत्येक लेअरला नाव द्यायला विसरू नका.