आपली खाडी आणि सरकारी राखण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी आपण पाककृती, आरोग्य, मुलांचे शिक्षण अशा विषयांवर ऐकतो. यंदा चिटणीसबाईंनी मला नदी व खाडी यांच्या राखणीविषयी बोलायला सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली एक साधी गृहिणी. कायद्याची भाषा मला अवघडच. पण दाराशी आलेली गोष्ट समजून घ्यायला पदवी लागत नाही, चौकसपणा लागतो. जे वाचले, जे जाणत्यांना विचारले, ते आपल्या घरगुती भाषेत मांडते.

अमेरिकेत १९६८ साली एक कायदा झाला. ज्या नद्यांचे देखणेपण व मोकळे वाहणे टिकवायचे, त्यांची नावे यादीत घालायची आणि मग त्यांवर धरण बांधू द्यायचे नाही, असा त्याचा हेतू. तिकडच्या काही राज्यांनी आपापल्या वेगळ्या याद्याही केल्या. आपल्याकडे ‘रमणीय नदी’ म्हणून मान देणारा असा कायदा नाही. म्हणून कोणी म्हणेल, मग आपल्याला त्याचे काय? तर भगिनींनो, नाव वेगळे असले तरी तशीच एक राखण आपल्या उंबऱ्याशी आहे, आणि ती बऱ्याचजणींना ठाऊक नाही.

जंजिरा किल्ल्याजवळ समुद्राचे पाणी आत शिरते ती राजपुरीची खाडी. तिच्या मुखाशी एका बाजूला आगरदांडा, दुसऱ्या बाजूला दिघी. आत आत येत ती आपल्या मांदाडपर्यंत पोचते. तिच्यावरच्या डोंगरात कुड्याची लेणी आहेत, एकंदर २६. तेथील ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत माळी आहे, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे आणि संन्यासिनी स्त्रियाही आहेत. प्राचीन ग्रीक लेखकांनी उल्लेखिलेले मंदगोर बंदर ते हेच मांदाड, असे काही अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे या पाण्याने दोन हजार वर्षांपूर्वीही माणसे पोसली आणि दानधर्म करण्याइतकी बरकत दिली.

आता मुख्य गोष्ट. केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने ६ जानेवारी १९८९ रोजी एक अधिसूचना काढली. रेवदंड्याच्या खाडीपासून श्रीवर्धनजवळच्या देवगड टोकापर्यंत भरतीरेषेपासून १ किलोमीटरचा पट्टा, आणि राजपुरी खाडीच्या काठाकाठाने १ किलोमीटरचा पट्टा, एवढ्या भागात पर्यटनाशी संबंधित सोडून इतर उद्योग उभारण्यास तिने मनाई केली. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने सरकारला तसा अधिकार दिलेला आहे.

हे काम चालते कसे? सरकार आधी आपला विचार राजपत्रात छापते. ज्याला हरकत घ्यायची त्याने ६० दिवसांच्या आत लेखी कळवायची. हरकतींचा विचार झाला की पक्की अधिसूचना निघते. पुढे तिच्यात दुरुस्त्याही होऊ शकतात. म्हणून कोणी कागद पुढे केला तर तो कोणत्या सालचा, हे आधी पाहावे. घरात लग्न ठरवताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो ना? तशीच ही चौकशी. फरक इतकाच की राजपत्र आपल्या स्वयंपाकघरात येत नाही. ६० दिवस कधी आले, कधी गेले, हे चुलीपुढे बसून कळत नाही. ते आपणच विचारायला हवे.

या राखणीने काय होते आणि काय होत नाही, हे नीट समजून घेऊ. काही भगिनी मला म्हणाल्या, “मग आमची शेती बंद होणार का? घराची पडवी वाढवता येणार नाही का?” १९८९ ची मनाई ही उद्योगांच्या जागेला आहे. भातशेती, मासेमारी, कालवे नि खेकडे काढणे यांना ती नाही. घरबांधणीचा नियम वेगळा, तो किनारा नियमनाचा. तो पहिल्यांदा १९९१ साली आला, २०११ साली बदलला आणि २०१९ साली पुन्हा बदलला. २०११ च्या नियमात खाडीकाठी १०० मीटर किंवा खाडीची रुंदी यांतील कमी ते अंतर धरले होते. २०१९ मध्ये त्या १०० चे ५० झाले. पाहा, एका कलमाने अंतर निम्मे झाले आणि आपल्याला वार्ताही नाही!

तिसरी राखण कांदळवनाची. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी निकाल दिला की कांदळवन तोडणे हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे, आणि त्याभोवती ५० मीटर जागा मोकळी ठेवावी. चिप्पी आणि तिवर ही काही नुसती चिखलातली झुडपे नव्हेत. त्यांच्या मुळांत कोळंबी नि माशांची पिले वाढतात, आणि उधाणाचा मार ती आधी आपल्या अंगावर घेतात. मागचा बांध त्यामुळे वाचतो, आणि बांधामागचे भातही वाचते.

उलट, राखण ढिली पडली की काय होते, तेही जवळच दिसते. धाटावचे कारखाने कुंडलिकेच्या आसऱ्याने उभे राहिले, महाडचे सावित्रीच्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे मोजले. त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रात, आणि त्यांत कुंडलिका व सावित्री दोन्ही आहेत. नदीकाठी कोणता कारखाना किती अंतरावर असावा, याचे धोरण आपल्या राज्यानेही २००० साली आखले होते, २००९ साली सुधारले होते. ते २०१५ साली रद्द झाले. एका शासन निर्णयाने आलेली गोष्ट दुसऱ्या शासन निर्णयाने गेली.

आता कोणी म्हणेल, बाईला कारखाने नकोत, मग मुलांनी करायचे काय? भगिनींनो, माझाही मुलगा मुंबईत एका खोलीत पाचजणांबरोबर राहतो. सणाला येतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरतो. गावाजवळ काम मिळाले तर कोणत्या आईला नको आहे? केंद्र सरकारने २८ ऑगस्ट २०२४ रोजी देशात बारा औद्योगिक नगरे मंजूर केली, त्यांत आपल्या जिल्ह्यातील दिघीचे नाव आहे. काम येणार असेल तर त्याचे स्वागतच करू. परंतु कारखान्याला जागा दुसरीकडेही मिळते. खाडी काही उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. एक किलोमीटर सोडून बसा, आणि वापरलेले पाणी शुद्ध करूनच सोडा, एवढेच मागणे आहे. ते अवाजवी आहे काय?

आपल्याकडे देवराया आहेत. तेथली काडीही कोणी मोडत नाही. ती राखण कोणत्या राजपत्राने केली? साऱ्या गावाच्या डोळ्यांनी केली. सरकारी कागद चांगला, पण त्याला डोळे नसतात. ते आपण द्यायचे.

तर आपण काय करावे? खाडीकाठी काही बांधकाम किंवा भराव होताना दिसला तर तीन प्रश्न विचारावेत: भरतीरेषेपासून अंतर किती? धंदा कोणता? परवानगी कोणी दिली? तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून अर्ज करता येतो. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. खेड्यातील भगिनींनी ग्रामसभेच्या आधी भरणाऱ्या महिला सभेत हा विषय काढावा आणि तो ठरावात लिहून घ्यावा. तळ्यात राहणाऱ्यांनी नगर पंचायतीला विचारावे. खाडीकाठच्या बचतगटांसाठी कांदळवन विभागाची उपजीविका योजना आहे. तीत खेकडेपालन, कालवेपालन अशी कामे बसतात. तिचीही चौकशी करावी, म्हणजे राखणीबरोबर दोन पैसेही हाती येतील.

आणि हो, दुसऱ्याला विचारण्याआधी आपली पिशवी, आपले निर्माल्य, आपल्या मोरीचे पाणी कोठे जाते तेही पाहू. आपल्या डोंगरावरचा प्रत्येक ओढा शेवटी कोणत्या ना कोणत्या खाडीलाच मिळतो.

मंडळाने या वर्षी एक छोटे काम अंगावर घ्यावे, अशी माझी सूचना आहे. या अधिसूचनांच्या ताज्या प्रती मिळवून एका वहीत लावाव्यात आणि ती वही मंडळाच्या कपाटात ठेवावी. कोणाही भगिनीला केव्हाही पाहता येईल. खर्च फार नाही, उपयोग मोठा आहे.