खाडा पडल्यानंतरचा दिवस



चांगल्या सवयींवर बोला, असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मी मनातल्या मनात हसलो. कारण या बाबतीत माझी कीर्ती फारशी चांगली नाही. पहाटे फिरायला जाण्याचा निश्चय मी आजवर निदान दहा वेळा केला आहे. रोजनिशीच्या वह्या माझ्याकडे पुष्कळ आहेत. त्यांतल्या बहुतेकांची जानेवारीची पानं भरलेली आणि मार्चपासून पुढची कोरी आहेत. ती पानं मी किराणा मालाच्या याद्यांना आणि कवितांच्या कच्च्या खर्ड्यांना वापरतो. तेव्हा सवय कशी लावावी यापेक्षा ती मोडल्यावर काय करावं, याबद्दल मी आज बोलणार आहे. त्या विषयातला माझा अनुभव दांडगा आहे.

आपल्या भाषेत 'खाडा' असा एक शब्द आहे. मजुराचा खाडा, कामवाल्या मावशींचा खाडा, दूधवाल्याचा खाडा. दूधवाल्याचा खाडा आपण कॅलेंडरवर मांडतो, महिनाअखेरीला तेवढे पैसे वजा करतो आणि दुसऱ्या दिवशी पातेलं घेऊन पुन्हा दारात उभे राहतो. एका खाड्यापायी कुणी कायमचं दूध बंद करत नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र आपण फार कठोर होतो.

आमच्या शेजारचा एक मुलगा स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. त्यानं रोज सहा तास अभ्यासाचं वेळापत्रक भिंतीवर लावलं होतं. बावीस दिवस ते अगदी छान चाललं. मग बहिणीच्या लग्नात चार दिवस गेले. परत आल्यावर त्यानं वेळापत्रक फाडून टाकलं. मला म्हणाला, "काका, माझ्यात शिस्तच नाही. एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात. माझी बाविसाव्या दिवसानंतर मोडली."

हे एकवीस दिवस आले कुठून? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्यांच्या पाहण्यात आलं. १९६० साली आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी ते नोंदवलं. पुढे कानोकानी जाता जाता त्यातला 'किमान' गळून पडला आणि एकवीस दिवसांचा जणू कायदाच झाला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना बारा आठवडे एकेक साधी सवय लावून घ्यायला सांगितलं. कुणी जेवणाबरोबर फळ खायचं, कुणी ठरावीक वेळी थोडं पळायचं. २०१० साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ती गोष्ट विचार न करता आपसूक घडायला साधारण ६६ दिवस लागतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. पण माणसामाणसांत फरक केवढा, तर १८ दिवसांपासून थेट २५४ दिवसांपर्यंत! त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मधे एखादा दिवस चुकला, तर सवय लागण्याच्या कामात त्यानं फारसा फरक पडत नाही.

म्हणजे खाडा सवयीला मारत नाही. मग मारतं कोण? हे मला विसाव्या वर्षाच्या आतच कळलं, आणि त्याची किंमत माझ्या वडिलांनी मोजली. तेवढी एक हकिगत सांगतो.

आम्ही मिरजेचे. मिरज हे सतार-तंबोऱ्यांचं गाव, पण आमच्या घरात मात्र घड्याळांची टिकटिक होती. अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. घरी भिंतीवर लंबकाचं, टोल देणारं जुनं घड्याळ होतं. एकदा चावी दिली की ते आठ दिवस चालायचं. अब्बा दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून आले, की टोपी खुंटीला अडकवायच्या आधी स्टुलावर चढून त्याला चावी द्यायचे.

१९८९ साली मी बी. ए. करायला पुण्याला निघालो. घरी फोन नव्हता. अब्बा म्हणाले, "शुक्रवारी मी इथं घड्याळाला चावी देईन, तू तिथून एक कार्ड टाकत जा." अब्बांचं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. घरात आमची बोली दखनी, पण पत्र मराठीत. वर्षभर मी नेमानं दर शुक्रवारी कार्ड टाकलं. पोस्टकार्डावर जागा थोडी, त्यामुळे कोणता शब्द ठेवायचा आणि कोणता गाळायचा, हे मी तिथंच शिकलो. पुढे मी मराठीत कविता लिहू लागलो, त्याचं मूळ या कार्डांत आहे.

दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या गडबडीत एक शुक्रवार चुकला. एवढंसंच. पुढच्या शुक्रवारी कार्ड हातात घेतलं, तर वाटलं, आधी मागच्या आठवड्याचं कारण लिहायला हवं. ते नीट सुचेना, म्हणून कार्ड तसंच ठेवलं. तिसऱ्या आठवड्यात दोन आठवड्यांचं कारण हवं होतं. दर शुक्रवारी कर्ज वाढत गेलं. अब्बांची दोन कार्डं आली. दुसरं तर मी कितीतरी दिवस वाचलंही नाही, पुस्तकात घालून ठेवलं. सुट्टीत एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम धरलं आणि घरी जाणं टाळलं. बघता बघता पाच महिने गेले. आळस एका शुक्रवारचा होता. बाकीचे सगळे शुक्रवार शरमेनं खाल्ले.

मग एके दिवशी गावाकडचा एक ओळखीचा माणूस खोलीवर आला. त्यानं अब्बांनी दिलेलं एक पुडकं माझ्या हातात ठेवलं. आत दहा कोरी पोस्टकार्डं होती. दहाही कार्डांवर आमच्या घराचा पत्ता अब्बांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून ठेवला होता. रागाचा शब्द नाही, चौकशी नाही. फक्त वरच्या कार्डाच्या कोऱ्या बाजूला एक ओळ होती, तीही दखनीत: "घडी रुकी तो चावी देना, शरमाना नक्को."

त्याच संध्याकाळी मी कार्ड टाकलं. तो शुक्रवार नव्हता, बहुधा मंगळवार होता. लिहिलं एवढंच: 'अब्बा, मी बरा आहे. अभ्यास चालू आहे. येत्या शनिवारी येतो.' कारण दिलं नाही. अब्बांनीही ते शेवटपर्यंत विचारलं नाही.

मित्रांनो, त्या पुडक्यात सवयीचं सगळं शास्त्र होतं, असं मला आज वाटतं.

पहिली गोष्ट, काम लहान होतं. पानभर पत्र लिही, असं अब्बांनी सांगितलं नव्हतं. तुम्हाला वाचनाची सवय लावायची असेल तर रोज दोन पानं ठरवा. पन्नास पानं वाचावीशी वाटली तर कुणी अडवणार नाही, पण नेम दोन पानांचा. खर्च लिहायचा असेल तर रात्री झोपण्याआधी फक्त त्या दिवसाचे आकडे मांडा.

दुसरी गोष्ट, ते काम आधीच्या एका पक्क्या कामाला बांधलेलं होतं. जुम्मा, घड्याळाची चावी, मग कार्ड. 'वेळ मिळाला की करीन' असं म्हटलेली गोष्ट होत नाही. दात घासल्यावर, चहा ठेवल्यावर, बसमध्ये खिडकीशी बसल्यावर, असं काहीतरी ठरवावं लागतं. आणि हे प्रत्येकाचं वेगळं असणार. रात्री एक वाजेपर्यंत घरोघरी जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्या मुलाला पहाटे पाचला उठण्याचा उपदेश करणं ही त्याची थट्टा आहे. त्याचा दिवस अकराला सुरू होत असेल, तर त्याची सकाळ तीच.

तिसरी गोष्ट, पत्ता आधीच लिहिलेला होता. वाटेतला एक खडा अब्बांनी उचलून ठेवला होता. फिरायला जायचं तर बूट रात्रीच दाराशी काढून ठेवा. अभ्यासाला बसायचं तर पुस्तक उघडं ठेवून झोपा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

चौथी गोष्ट सगळ्यांत मोठी, चुकल्यानंतर परतीची वाट उघडी होती. आमच्याकडे नमाज वेळेवर झाली नाही, तर ती 'कझा' म्हणून नंतर अदा करायची असते. वेळ जाणूनबुजून टाळणं ही चूकच, पण चुकलं म्हणून पुढची नमाज सोडून द्यायची नसते. आमच्या गल्लीतले एक माळकरी मास्तर होते. एका साली आजारपणामुळे त्यांची आषाढीची वारी चुकली. ते कळवळले, पण पुढच्या साली पुन्हा दिंडीत होते. गळ्यातली माळ त्यांनी उतरवली नाही. 'नेम' या मराठी शब्दाचे दोन अर्थ आहेत, रोजचा नियम आणि निशाण्यावर धरलेला नेम. दुसरा नेम चुकला, तर माणूस धनुष्य मोडून टाकत नाही, पुन्हा बाण लावतो.

हल्ली मोबाइलमधली अ‍ॅप तुमच्या सवयीचे दिवस मोजतात. शंभर दिवसांनंतर एक दिवस चुकला, की आकडा पुन्हा शून्य होतो. तो आकडा खोटा आहे. शंभर दिवस वाचलेलं डोक्यात असतं, शंभर दिवस चाललेले पाय तुमचेच असतात. अब्बा सांगायचे, टोलाचं जुनं घड्याळ बंद पडलं तर काटे मागे फिरवू नयेत, यंत्र बिघडतं. काटे पुढेच न्यायचे, वाटेतला प्रत्येक टोल पुरा वाजू द्यायचा आणि आत्ताच्या वेळेवर आणून ठेवायचे.

याचा अर्थ खाड्याला मोकळीक आहे, असा घेऊ नका. माझा नियम साधा आहे. एक दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी त्या कामाचा लहानात लहान तुकडा तरी करायचाच, आणि कारणं शोधत बसायचं नाही. तंबाखू, दारू यांसारखी व्यसनं मात्र वेगळी. तिथं एकट्यानं झुंजण्यापेक्षा डॉक्टरांची मदत घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

शेजारच्या मुलाला मी हीच हकिगत सांगितली. त्यानं नवं वेळापत्रक केलं आहे. सहा तासांचं नाही, दोन तासांचं. परवा विचारलं तर म्हणाला, "काका, परत एक खाडा झाला. पण दुसऱ्या दिवशी बसलो." मला बरं वाटलं.

अब्बा २००३ साली गेले. दुकानातल्या कपाटात बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात माझी सगळी कार्डं निघाली. तारखेप्रमाणे लावलेली, एकाच सुतळीनं बांधलेली. मी ती पाच महिन्यांची जागा शोधू लागलो. आधीचं शेवटचं कार्ड आणि नंतरचं मंगळवारचं कार्ड एकमेकांना चिकटून होती. मधे काही राहून गेलं होतं, हे बोटांना कळतही नव्हतं.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)