कोंब आत जाईनासा झाला की



मूळव्याधीचा रोगी सर्जनकडे येतो तो बहुधा सगळे करून थकल्यावर. सुरणाची भाजी झालेली असते, ताक झालेले असते, एसटी स्टँडजवळच्या भिंतीवर रंगवलेला ‘बिना ऑपरेशन’ इलाजही झालेला असतो. तोवर कोंब शौचाच्या वेळी बाहेर येऊन हाताने आत ढकलावा लागतो, किंवा ढकलूनही जात नाही. या झाल्या तिसरी आणि चौथी पायरी. त्याआधी इसबगोल, भरपूर पाणी आणि गरज पडल्यास कोंबाच्या मुळाशी रबरबँड, एवढ्यावर बहुतेकांचे भागते. चौथ्या पायरीला मात्र शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यात अर्थ नाही.

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ साली मांडलेली पद्धत थोड्याफार फरकाने आजही चालते. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात, कोंबाच्या मुळाशी रक्तवाहिनी बांधतात आणि कोंब कापून काढतात. जखमा न शिवता उघड्या ठेवतात. बहुधा तीन कोंब निघतात, आणि दर दोन जखमांच्या मध्ये चांगल्या कातडीची पट्टी राखावी लागते. सर्जनचा हात कळतो तो इथे. पट्टी राखली नाही, तर जखम भरताना गुदद्वार आवळते आणि रोगी आगीतून फुफाट्यात पडतो.

इटलीच्या लोंगो यांची स्टेपलरची पद्धत १९९८ पासून गाजली. तिच्यात दुखते कमी, पण मूळव्याध उलटते जास्त. लेसरचे म्हणाल, तर बाहेर लोंबणाऱ्या मोठ्या कोंबाला तो पुरेल याची हमी जाहिरातवाल्यांनी द्यावी. मी देणार नाही.

ऑपरेशननंतर दुखते का? दुखते. पहिल्या शौचाची धास्ती तर भल्याभल्यांना असते. गोळ्या वेळेवर घ्याव्यात, टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे बसावे. दुखेल म्हणून जेवण तोडू नये. खडा झाला की दुप्पट दुखते. रक्ताचे चार थेंब पडले तर घाबरू नका, पण आठ-दहा दिवसांनी एकदम धार लागली तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

आणखी एक. रक्त पडते म्हणजे मूळव्याधच, असे धरून चालू नका. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही असेच रक्त पडते. बोटाने आणि दुर्बिणीने तपासणी झाल्याशिवाय कोणाकडूनही, कसलाही इलाज सुरू करू नका. बायाबापड्यांनो, तुम्ही तर लाजेपायी वर्षे काढता. या आठवड्यात जाऊन दाखवून या.