तळ्याकाठचे वाचन

(भंडारा जिल्ह्यातील शिक्षक, ग्रंथपाल व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



‘वाचकाची दृष्टी पालटणारी पुस्तके’ हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा पहिल्यांदा आठवले ते कृष्णराव अर्जुन केळूसकर यांचे नाव. १९०७ साली भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी मॅट्रिक झाला, त्याच्या सत्कारप्रसंगी केळूसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याच्या हाती ठेवले. त्या भेटीचा शेवट १९५६ साली नागपुरास कसा झाला, हे विदर्भातील श्रोत्यांना मी सांगावे असे नाही. त्याच डॉ. आंबेडकरांनी १९५४ साली आपल्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली होती व ते पराभूत झाले होते, ही गोष्टही येथील वडीलधारी मंडळी अजून सांगतात. परंतु इतक्या मोठ्या उदाहरणाने आपली सोय होते. थोरांच्या बाबतीत असे घडते, आपल्या बाबतीत नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. म्हणून मी आज लहान गोष्ट सांगणार आहे. ती आपल्याच झाडीपट्टीतील आहे आणि तिच्यात माझी एक चूकही आहे.

१९८० नंतरची ती वर्षे. मी साकोलीच्या बाजूला एका खेड्यात नवा शिक्षक होतो. शाळेच्या मागेच तलावाची पाळ होती. एकदा पक्ष्यांचा पाठ चालू असता मी खिडकीतून बोट दाखवून म्हटले, ‘तो पाहा, बगळा.’ मागच्या रांगेतील एक ढिवराचा मुलगा उठून म्हणाला, ‘बगळा नाही गुर्जी, ढोकरी होय. बसली का मातीवानी, उडली का पांढरी.’ वर्ग हसला. मीही हसलो, आणि फळ्यावर ‘बगळा’ असे शुद्ध लिहून त्याला खाली बसविले. तो पुन्हा त्या वर्षात आपण होऊन बोलला नाही. हे मला त्या वेळी जाणवले नाही, पुष्कळ नंतर जाणवले.

त्याच सुमारास व्यंकटेश माडगूळकर यांची दोन पुस्तके तालुक्याच्या वाचनालयातून माझ्याकडे आली. एक ‘नागझिरा’ आणि दुसरे ‘सत्तांतर’. नागझिऱ्याला १९७० साली अभयारण्याचा दर्जा मिळालेला होता. आम्हांस ते अरण्य म्हणजे मोहफुले, तेंदूपाने आणि रात्री-अपरात्री टाळावयाची वाट, एवढेच ठाऊक. माडगूळकर हे माणदेशचे, म्हणजे जेथे एखादे झाड दिसले तर त्याला सावली म्हणून हाक मारावी अशा मुलखातले. हा माणूस आमच्या रानात येऊन मुक्काम ठोकतो, पाणवठ्याशी तासन् तास बसतो, आणि काही विशेष घडले नाही तरी ते लिहितो, याचे मला आधी हसूच आले. पुस्तक संपले तेव्हा मात्र वाटले, की ज्या वाटेने मी शंभरदा गेलो, ती मी पाहिलीच नव्हती.

‘सत्तांतर’ १९८२ साली प्रसिद्ध झाले व पुढल्या वर्षी त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले. ही वानरांची कादंबरी आहे. टोळीच्या नायकपदासाठी होणारा संघर्ष, जुन्या नायकाची हकालपट्टी, त्यात पिलांचा जाणारा बळी, हे सारे लेखकाने कोणताही उपदेश न करता मांडले आहे. ही केवळ कल्पना नव्हे. सुगियामा या जपानी संशोधकाने १९६०च्या दशकात धारवाडच्या रानात वानरटोळ्यांचे असेच निरीक्षण केले होते, आणि सारा हर्डी या अमेरिकन विदुषीने अबूच्या पहाडावरील वानरांवर १९७७ साली ग्रंथ लिहिला. नवा नायक पिले का मारतो आणि माद्या त्याचा प्रतिकार कशा करतात, हा त्या ग्रंथाचा विषय. जपान-अमेरिकेची माणसे जे पाहण्यासाठी येथवर आली, ते आमच्या कौलांवर रोज घडत होते, आणि आम्ही फक्त गोटे मारीत होतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पुस्तक वाचून वानरांनी तुरीचे शेत सोडले नाही. ज्याचे पीक गेले त्या शेतकऱ्याला ‘सत्तांतर’ वाचावयास देणे ही थट्टाच ठरेल. पण माझ्या वर्गात एक फरक पडला. मुलांना मी सांगितले, आजपासून टोळीत नर किती, माद्या किती, पोटाला बिलगलेली पिले किती, ते मोजून आणा. तो ढिवराचा मुलगा मोजून आणणाऱ्यांत पहिला होता.

मग मारुती चितमपल्ली. हेही मूळचे सोलापूरचे, म्हणजे पुन्हा कोरड्या प्रदेशातले. वनाधिकारी म्हणून ते नवेगावबांधला राहिले, तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यातच होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यात तो गेला. सरकारी नोकरीत राहून मनुष्य काय करू शकतो, याचे ते उदाहरण आहेत, आणि येथे अधिकारी बसले आहेत म्हणून मी ते मुद्दाम सांगतो. फिरतीवर असताना त्यांनी गोंड, माडिया, ढिवर, कोहळी यांच्याकडून शब्द गोळा केले, पक्ष्यांच्या आणि झाडांच्या सवयी विचारून घेतल्या, आणि कोणाकडून काय कळले ते आदराने लिहिले. पुढे २००२ साली त्यांचा ‘पक्षिकोश’ आला. त्यात पक्ष्यांची प्रादेशिक नावे संस्कृत नावांच्या पंक्तीला बसविली आहेत. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १८ जून २०२५ रोजी ते गेले.

त्यांची पुस्तके वाचताना मला फळ्यावरचा तो ‘बगळा’ आठवला. ढोकरी हा निराळा पक्षी आहे. बसलेली असता पाठ मातकट, पाण्याच्या कडेला नुसती दिसतही नाही. उडताच पंख पांढरेशुभ्र. मुलाने एका वाक्यात जे सांगितले होते, त्यात भर घालण्याजोगे काही नव्हते. त्याच्या घरातील ज्ञान छापून आल्यावर मी ते खरे मानले. छापून येईपर्यंत मी ते अडाणीपण समजलो होतो. ही लाज सांगण्यासाठीच मी आज उभा राहिलो आहे.

आता तलावांकडे येतो, कारण पंचायत सदस्यांना त्यात अधिक रस असेल. आपल्या जिल्ह्यातील जुने तलाव कोहळी समाजाने व गावोगावच्या लोकांनी शतकांपूर्वी बांधले. पाळ, पाणी सोडण्याचे तुडुम, त्यापासून निघालेले पाट, ही सारी त्यांची विद्या. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे आले. कायदा न्याय्यच होता. पण तलावाची देखभाल गावाने करावयाची ही सवय त्याबरोबर ढिली पडली, हेही खरे. हळूहळू मामा तलाव म्हणजे गाळ आणि बेशरमीचे रान, अशी आपली नजर झाली.

काही वर्षांपूर्वी एका गावात गाळ काढण्याचा ठराव आला. यंत्र ठरले, खोली ठरली. सगळा तलाव काठापासून काठापर्यंत एकसारखा खोल करावयाचा बेत होता. सभेत एका सदस्याने विचारले, ‘काठची उथळ जागा गेली तर मासे अंडी कोठे घालतील? देवधान कोठे उगवेल?’ उपस्थितांत चुळबुळ झाली. हा प्रश्न हिशेबात बसणारा नव्हता. वाद पुष्कळ झाला. शेवटी एका बाजूचा काठ तसाच ठेवावा असे ठरले, बाकीचा खोदला गेला. पूर्ण यश नाही म्हणता येणार. पण त्या राखलेल्या काठावर पुढच्या पावसाळ्यात ढोकऱ्या बसलेल्या मी पाहिल्या आहेत. आपल्या भागात काही गावांतील ढिवर स्त्री-पुरुषांनी तलावात देशी पाणवनस्पती पुन्हा लावून मासे वाढविण्याचे काम केले आहे. ते जाऊन पाहावे, अशी माझी विनंती आहे.

पुस्तकांविषयी एक व्यावहारिक अडचण आहे, ती बोलून घेतो. १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, अनुदानाची पद्धत बसली, शाळांतूनही कपाटे आली. कपाटाला कुलूप असते. कारण पुस्तक हरवले तर त्याची किंमत शिक्षकाच्या पगारातून जाण्याची भीती असते, आणि न वाचलेल्या पुस्तकाबद्दल मात्र कोणी जाब विचारत नाही. मीही वर्षानुवर्षे किल्ली खिशात ठेवली. अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी नोंदवहीतील पुस्तके मोजण्याऐवजी त्यांच्या पानांवर मुलांच्या बोटांचे डाग किती आहेत ते पाहिले, तर शिक्षकांचा धीर वाढेल. झिजलेले पुस्तक रद्दबातल करण्याची वाटही सोपी हवी.

गाळाच्या सभेत तो प्रश्न विचारणारा सदस्य कोण, हे आपल्या लक्षात आले असेल. तोच तो मागच्या रांगेतला मुलगा. आता त्याचे केस पिकले आहेत. माझ्याकडून त्याने ‘सत्तांतर’ची प्रत नेली, त्याला पुष्कळ वर्षे झाली. त्याच्या नातवाने ती वाचली, मग शेजाऱ्यांकडे गेली, असे ऐकतो. अजून परत आलेली नाही आणि मी मागितलेलीही नाही.