गिलावा का सुटतो?

(रेल्वे व टपाल कामगारांच्या वसाहतीतील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पगार, पेन्शन, बदल्या हे आपल्या सभांचे नेहमीचे विषय. आज आपण भिंतीविषयी बोलणार आहोत. बाहेरच्या भिंतीचा गिलावा साधारण २० मिलिमीटर जाड असतो. अशा एक चौरस मीटर गिलाव्याचे वजन ४० किलोच्या आसपास भरते. दुसऱ्या मजल्यावरून तो सुटला तर खाली कोण उभे आहे हे पाहून पडत नाही. तिथे आपलीच मुले खेळत असतात. म्हणून हा प्रश्न शोभेचा नाही, जिवाचा आहे.

तक्रार केली की माणूस येतो, भेगेत सिमेंट भरतो, वरून रंग मारतो. पुढच्या पावसाळ्यात भेग तिथेच पुन्हा हजर! कारण दुरुस्ती भेगेची होते, भेग ज्यामुळे पडली त्याची होत नाही.

ही कारणे समजायला इंजिनिअरच असावे लागते असे नाही. धुळीने माखलेल्या पाकिटावर तिकीट चिकटत नाही, हे आपल्या टपालातल्या साथींना कोणी शिकवायला नको. गिलाव्याचेही तेच आहे. विटांचे सांधे खरवडून, भिंत झाडून, ओली करूनच गिलावा करायचा असतो. काँक्रीट गुळगुळीत असेल तर ते छिन्नीने टोचून खडबडीत करावे लागते. कोरडी वीट मसाल्यातले पाणी शोषून घेते. सिमेंट घट्ट होते ते पाण्यामुळे. पाणीच गेले तर मागे उरते ती नुसती वाळू.

दुसरी गोष्ट मसाल्याची. सिमेंट जितके जास्त तितका गिलावा पक्का, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. सिमेंट जास्त झाले की गिलावा वाळताना जास्त आकसतो आणि जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. वाळूत माती असली तरी तेच होते. विटांच्या भिंतीला एक भाग सिमेंट आणि सहा भाग स्वच्छ, चाळलेली वाळू हे प्रमाण सर्वसाधारणपणे पुरते. नियम एकच लक्षात ठेवावा: वरचा थर खालच्यापेक्षा कडक नसावा. आपली कित्येक जुनी क्वार्टर्स चुन्यात बांधलेली आहेत. त्या मऊ भिंतीवर कडक सिमेंटचा थर चढवला की आतली ओल बाहेर पडत नाही आणि एक दिवस अख्खा पापुद्रा सुटून येतो.

तिसरी गोष्ट वेळेची. पाणी घातलेला मसाला अर्ध्या-पाऊण तासात संपवायचा असतो. सकाळी कालवलेला मसाला जेवणानंतर पुन्हा पाणी घालून वापरला तर त्याला धरच राहत नाही. गिलावा झाल्यावर निदान सात दिवस तो ओला ठेवावा लागतो. नागपूर-भुसावळच्या मे महिन्यात भर उन्हात गिलावा करायचा आणि पाणी मारायचे नाही, म्हणजे भेगांना आमंत्रणच.

इथे एक स्पष्ट सांगितले पाहिजे. याचा दोष गवंड्याच्या माथी मारू नका. त्याला मजुरी मिळते किती चौरस मीटर झाले यावर. पाणी मारायच्या माणसाचा रोज वाचवतो तो ठेकेदार. परांचीवर जीव टांगून काम करणारा तो कामगारही आपलाच भाऊ आहे.

आता सरळ रेषेतल्या भेगा पाहा. काँक्रीटचा बीम आणि विटांची भिंत जिथे मिळतात, तिथे त्या दिसतात. उन्हाने रूळ लांबतो हे गँगमनला ठाऊक आहे. तसेच काँक्रीट आणि वीटही तापून फुगतात, पण दोन्ही सारख्या मापाने नाही. त्या सांध्यावर गिलाव्याखाली तारेची जाळी लावली नाही तर भेग पडणारच. ती सिमेंटने कितीही वेळा भरा.

भेगेतून पाणी आत शिरते. फुटलेला पावसाळी पाईप, गळती टाकी, छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसणे, भिंतीत रुजलेला पिंपळ, ही सगळी पाण्याची दारे आहेत. ओलीबरोबर क्षार वर येतात, लोणा लागतो, गिलाव्यामागे त्याचे खडे बनतात आणि गिलावा आतून ढकलला जातो. बीमच्या किंवा खांबाच्या लांबीने भेग गेली असेल आणि तांबूस डाग असेल, तर आतली सळई गंजली आहे. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट फोडतो. हा गिलाव्याचा आजार नाही, इमारतीचा आहे. तिथे इंजिनिअरनेच तपासणी केली पाहिजे.

मग आपण काय करायचे? चाकावर हातोडी मारून आवाज ऐकणारा कामगार आपल्याला माहीत आहे. हात पोचेल तिथपर्यंत भिंतीवर हलकेच ठोकून पाहा. भरीव आवाज आला तर गिलावा धरून आहे. पोकळ आवाज आला तर सुटला आहे. तिथे खडूने खूण करा. वर फुगलेला भाग दिसला तर त्याखाली मुलांना जाऊ देऊ नका.

तक्रारीत नुसते "गिलावा पडला" असे लिहू नका. भेग कुठे, कशी, पाणी कुठून येते, ते तारखेसह लिहा. मागणी अशी करा: आधी पाण्याचा मार्ग बंद करा, पोकळ भाग पूर्ण काढा, मग नवा गिलावा करा, आणि रंग सर्वांत शेवटी. आपल्या हाती २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. त्यात कागदपत्रांच्या प्रतींबरोबर कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. मसाल्याचे प्रमाण काय ठरले होते आणि भिंतीवर काय चढले, हे विचारा.

एकट्याची तक्रार फायलीत पडून राहते. अख्ख्या चाळीने भिंती ठोकून तयार केलेली यादी शाखेमार्फत गेली, तर तिला उत्तर द्यावे लागते. पावसाळ्यापूर्वी ही यादी तयार करू, असे ठरवूनच आज आपण उठू या.