तेलाच्या आधी कचरा काढा

मशीनवर बसूनच रेडिओ ऐकत असाल तर पाच मिनिटं पाय थांबवा, कारण आज मशीनबद्दलच बोलायचंय.

तीन वर्षांपूर्वी ऐन जानेवारीत माझी मशीन जाम झाली. लग्नाचे सात ब्लाउज अंगावर, आणि पायडल रेटलं तरी चाक फिरेना. तालुक्याहून मेकॅनिक आला, साडेतीनशे रुपये घेऊन गेला. बदललं काय? काहीच नाही. रॉकेल सोडून आतला काळा चिकटा धुतला, एवढंच. तो चिकटा मीच घातलेला. मशीनचं तेल संपलं म्हणून दिवाळीपासून मी खोबरेल सोडत होते. थंडीत खोबरेल बाटलीत गोठतं हे रोज बघतो आपण, मग ते मशीनमध्ये गोठणार नाही का? गोडंतेलही नको, ते वाळलं की डिंकासारखं धरतं. मशीनला मशीनचंच पातळ तेल.

पण तेलाच्या आधी कचरा. आपल्याकडची काळी, पायाची मशीन असेल तर सुई अगदी वर घ्या. मोटर लावली असेल तर प्लग काढा. बॉबीन केस काढली की तिच्या मागे दोन चिमटे दिसतील. ते बाहेर वळवले की गोल कडी आणि अर्धचंद्रासारखं शटल हातात येतं. काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या, म्हणजे बसवताना गोंधळ नको. मग सुईखालच्या पत्र्याचे दोन स्क्रू काढा आणि दात्यांच्या मधे बघा. माझ्या मशीनमध्ये घोंगडीच्या तुकड्यासारखा घट्ट थर निघाला होता! कापडाची कुसं आणि तेल मिळून तो होतो. वरून कितीही तेल सोडा, तोच पितो. दात्यांखाली तो दाटला की दाते पुरते वर येत नाहीत, कापड सरकत नाही. मग आपण हाताने ओढतो, सुई वाकते, पत्र्यावर आपटते आणि तुटते. दोष मात्र सुईला.

जुना, कोरडा टूथब्रश घ्या. तोंडाने फुंकू नका, ओलाव्याने गंज धरतो आणि कचरा आणखी आत जातो.

आता झुबक्याचं. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की आपण बॉबीन केसचा स्क्रू पिळत बसतो. चूक बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याची असते. तो टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो, नाहीतर चकत्यांत कुसं अडकलेली असतात. कापड दाबणारा पाय वर उचला, म्हणजे चकत्या सैल होतात. मधून पातळ सुती कापडाची घडी ओढून घ्या, आणि पाय वरच ठेवून दोरा पुन्हा ओवा. स्क्रूला हात सगळ्यात शेवटी.

मग तेल. वरच्या प्रत्येक भोकात एकच थेंब. मशीन मागे कलती करून जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथे, शटलच्या कडेला, पायडलच्या सांध्यांना. चामड्याच्या पट्ट्याला अजिबात नाही, तो घसरतो. मोटरमध्येही नाही. दोरा काढून, दाबाचा पाय वर ठेवून दोन मिनिटं चालवा. पाय खाली आणि कापड नाही, अशी मशीन चालवली की दाते बोथट होतात. पट्टा सैल झाला असेल तर अर्धा इंच कापून क्लिप पुन्हा लावा.

रोज शिवणारीने हे आठवड्याला एकदा करावं. गटाच्या मशीनचं तर विचारूच नका. जी येते ती तेल घालते, ब्रश कुणी लावत नाही. ज्या दिवशी हप्ता गोळा होतो, त्याच दिवशी एकीने पत्रा उघडायचा, असं ठरवून टाका.

सुईचं टोक नखावरून हळूच फिरवा. ओरखडा उठला तर ती टाका. नवी बसवताना चपटी बाजू जुन्या सुईची होती तिकडेच. साध्या सुती कापडाला 14 नंबर, जाड कापडाला 16.

आणि रात्री झाकण घालण्याआधी पायाखाली एक चिंधी दाबून ठेवा. सकाळचे पहिले टाके त्या चिंधीवरच घाला. नवरीच्या ब्लाउजवर तेलाचा ठिपका पडला तर मजुरी जातेच, कापडही भरून द्यावं लागतं.